नावांची वही, पान २३ : पट्टकादंब

हे पान तीन आठवडे अडलं होतं आणि चूक माझीच. या पक्ष्याच्या नावात 'कादंब' म्हटल्यावर कदंबाशी नातं असणारच, असं धरून मी झाडाच्या मागे लागलो. वहीत पिवळ्या स्केचपेननं कदंबाचं फूलसुद्धा काढून ठेवलं. रंकाळ्यावर मित्राला दाखवलं तर म्हणाला, "गोव्याच्या बशीचं नाव पाखराला कुणी ठेवलं रं?" गोव्याच्या 'कदंब' बसचं नाव राजघराण्यावरून, घराण्याचं सांगतात झाडावरून. पाखरू यात कुठंच नाही. फुलावर काट मारली.

शेवटी अमरकोश काढला. सिंहादिवर्गात सरळच लिहिलंय : 'कादम्बः कलहंसः स्यात्'. कादंब हा मुळात हंसच! राजहंस तिथं वेगळा दिलाय : पांढरा, चोच आणि पाय तांबडे. कादंबाचे पंख गडद करडे, असं संस्कृत शब्दकोश सांगतात. भिगवणला पाहिलेला पक्षी त्याला बराच जुळतो. अंग राखी, डोकं पांढरं, मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या पट्ट्या. तोच 'पट्ट'. पिवळ्या चोचीचं टोक तेवढं शाईत बुडवल्यासारखं काळं.

'कल' म्हणजे गोड, अस्फुट आवाज. हे मात्र मला पटेना. तिथं उजनी धरणाच्या पाण्यावरून थवा उठला तेव्हा सर्दी झाल्यासारखा 'आंग-आंग' गलका चालला होता. गोड म्हणायला कवीचाच कान पाहिजे.

खरी मजा शास्त्रीय नावात निघाली : आन्सर इंडिकस. लॅटिन 'आन्सर', जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूज' आणि आपला 'हंस' हे एकाच मुळाचे सख्खे भाऊ. लॅटिननं सुरुवातीचा 'ह' टाकला, इंग्रजीनं मधला 'न' गिळला. नराच्या 'गँडर'मध्ये तो 'न' अजून शिल्लक आहे. म्हणजे आन्सर इंडिकसचा अर्थ चक्क 'भारतीय हंस'!

हा पक्षी हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर नोंदला गेलाय आणि उन्हाळ्यात तिबेटातल्या सरोवरांकाठी घरटी करतो. लांब मानेचे पांढरेशुभ्र स्वान भारतात क्वचितच येतात. तेव्हा मानसरोवराकडे निघणारा काव्यातला हंस बहुधा हाच, असं मी समासात पेन्सिलीनं लिहिलंय. शाईनं लिहायचं धाडस अजून नाही.

पुढचं पान वारकरी या पाणपक्ष्याचं. काळं अंग, कपाळाला पांढरा टिळा, आणि रंकाळ्यातच पोहतोय. भिगवणचं पेट्रोल वाचलं.