जुन्या फोटोतला वळू

सांगोला-आटपाडीकडचे ओळखीचे लोक मला व्हॉट्सॲपवर जुने फोटो पाठवतात. आजोबांचा वळू, जत्रेत नंबर आलेला खोंड. खाली लिहिलेलं असतं, 'मॅडम, अस्सल खिल्लार जातीचा ना? पैदाशीला असाच शोधतोय.' परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, नोकरीही जनावरांतच झाली, त्यामुळे विचारणाऱ्याची तळमळ कळते. या फोटोवर त्याच्या गोठ्याची पुढची पंधरा-वीस वर्षं ठरणार असतात. म्हणून मी लगेच 'हो' म्हणत नाही.

मी आधी पाय बघते. वळूचे पुढचे पाय जरा उंचवट्यावर ठेवले की छाती भरदार दिसते. प्रदर्शनात जनावर उभं करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्यांनाही होतं. खूर गवतात बुडाले असतील तर खुरांबद्दल एक अक्षर बोलू नये. उंची मोजायची तर वेसण धरलेल्या माणसावरून, पण तो वळूच्या बरोबरीनं उभा आहे की दोन पावलं मागे, हे दोघांच्या सावल्यांवरून आधी ताडून घ्यावं. मागे उभा असेल तर वळू उगाच हत्ती वाटतो.

रंगावर तर बिलकूल विसंबू नका. कॅमेऱ्यातल्या जुन्या काचेच्या प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसायचाच नाही. सगळे रंग नीट पकडणाऱ्या प्लेटा 1906 साली बाजारात आल्या, आणि त्यानंतरही जुन्या पद्धतीच्या प्लेटा बराच काळ वापरात होत्या. त्यामुळे लाल कंधारी गाय फोटोत काळी वाटू शकते आणि तांबडी-पांढरी डांगी काळी-पांढरी. 'आमच्याकडे पूर्वी काळ्या गाई होत्या' असं केवळ फोटो बघून कुणी म्हणालं, की मी फोटो कधीचा ते विचारते.

शिंगं मात्र बोलतात. खिल्लारची शिंगं मुळाशी जवळजवळ, कपाळाच्या रेषेत मागे जाऊन मग वर उठणारी. गीरची खाली-मागे वळणारी, वर फुगीर कपाळ आणि लांब लोंबते कान. पण आपल्याकडे शिंगं साळतात, तासतात. म्हणून टोकापेक्षा मुळावर विश्वास ठेवावा. वशिंड आणि मान बघावी: लहानपणी खच्ची केलेल्या बैलाचं वशिंड वळूसारखं भरत नाही. घरात 'वळू' म्हणून जपलेला फोटो कधीकधी औताच्या बैलाचा निघतो.

चित्रांचं तर विचारूच नका. इंग्लंडात 1802 साली 'डरहॅम ऑक्स'चं चित्र काढलं गेलं, आणि त्याच्या छापील प्रती हजारोंनी खपल्या. शॉर्टहॉर्न जातीचं नाव त्यानं गाजवलं, आणि तो होता खच्ची केलेला बैल! त्याच्यापासून एक वासरू होणं शक्य नव्हतं. त्या काळी मालक चित्रकारांकडून जनावरांच्या अंगावर हवी तिथे चरबी चढवून घेत. थॉमस बेविक या लाकूडठसे कोरणाऱ्या कलावंतानं, जी मला दिसत नाही ती चरबी मी काढणार नाही, असं सांगून अशा कामाला नकार दिला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

एवढं सगळं तपासूनही फोटोत हाडांचा सांगाडा तेवढा मिळतो. आदत (अजून दुधाचेच दात असलेला) की जुळलेला (सगळे पक्के दात आलेला), हे मिटल्या तोंडावरून कळत नाही. खिल्लारची खरी ओळख त्याच्या झपझप चालीत, आणि फोटोत तर तो खिळल्यासारखा उभा. त्याच्या लेकींनी किती दूध दिलं, त्याचे खोंड औताला कसे निघाले, हे त्या कागदावर कुठून येणार? शिवाय फोटो निघायचा तो गावातल्या सगळ्यात देखण्या जनावराचा. उरलेली जनावरं कशी होती, ते कुणी टिपून ठेवलं नाही.

माणदेशातल्या एका तरुणानं परवा पणजोबांच्या वळूचा फोटो पाठवला आणि अगदी तशाच शिंगांचा खोंड घेऊ का, विचारलं. शिंगांची मुळं, लांब अरुंद चेहरा, घट्ट अंग, सगळं जुळत होतं. तसं मी त्याला सांगितलं आणि म्हटलं, आता त्या खोंडाच्या आईची कास मागून दिसेल असा फोटो पाठव, तिच्या वेतांची माहिती काढ, आणि खोंडाला दाव्यावरून सोडून मोकळं चालताना त्याचा व्हिडिओ घे.