दोन केसपेपर

माझ्या धाकट्या बहिणीला पाचवा महिना लागला होता, तेव्हा ती गर्द, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनची भुकटी, ओढते हे आम्हाला कळले. लालबागच्या आमच्या खोलीत तांदळाच्या डब्यामागे चंदेरी कागदाचा एक तुकडा सापडला आणि त्यावर मधोमध ओघळलेली काळपट रेघ होती. आईने त्याच संध्याकाळी दाराला आतून कुलूप लावले, कारण आठ दिवस टर्की, म्हणजे नशा तोडल्यावरचा त्रास, काढली की माणूस सुटतो, असे तिने चाळीत ऐकले होते. दुसऱ्या रात्री बहिणीला दरदरून घाम फुटला, जुलाब सुरू झाले आणि पोट दगडासारखे कडक होऊ लागले, तेव्हा आम्ही टॅक्सी केली.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी आवाज न चढवता सांगितले, की अफूच्या जातीचे व्यसन गरोदरपणात एकदम तोडले तर गर्भपाताचा किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असतो. शिवाय अशी बाई बहुधा पुन्हा गर्दकडे वळते आणि मधल्या खंडामुळे पूर्वीचेच प्रमाण तिच्या जिवावर बेतू शकते. म्हणून गर्दच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही त्याच जातीची औषधे मोजून देणे, हाच मान्य उपचार आहे. "म्हणजे एक नशा सोडून दुसरी," आई पुटपुटली. तिला दोष कसा द्यावा? ती स्वतः रोज सकाळी मशेरी लावते, तिन्ही बाळंतपणांत ती सुटली नव्हती, आणि त्यासाठी तिला कोणी कोंडून ठेवले नव्हते.

खरी वणवण त्यानंतर सुरू झाली. एका व्यसनमुक्ती केंद्राने गरोदर बाईची जबाबदारी घेण्यास नकार दिला, दुसऱ्याकडे स्त्रियांसाठी खाटच नव्हती, आणि एका प्रसूतिगृहात, आधी व्यसन सोडवून आणा मग नाव घालू, असे ऐकवण्यात आले. आज कोणी विचारले तर मी सांगते, की केईएम, सायन किंवा नायरसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातूनच सुरुवात करावी, कारण तिथे स्त्रीरोग, मानसोपचार आणि नवजात अर्भकांचा विभाग एकाच छत्राखाली असतो. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

आमचे काम झाले ते मानसोपचाराच्या डॉक्टरांनी प्रसूती विभागाला चार ओळींचे पत्र लिहून दोन्ही केसपेपर एकत्र टाचले तेव्हा. त्यानंतर बहीण रोज सकाळी जाई, परिचारिका ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीची पूड तिच्या जिभेखाली ठेवी, ती विरघळेपर्यंत बहीण तोंड मिटून बाकावर बसे आणि उठण्यापूर्वी जीभ उचलून दाखवी. गर्दप्रमाणे चढ-उतार नसल्याने पोटातल्या बाळालाही झटके बसत नाहीत, हे आईला पटायला मात्र सातवा महिना उजाडला. (एमडी, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीसाठी अशी बदली गोळी नाही, तिथे समुपदेशनावरच भर असतो, दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, त्यामुळे तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे लागते.)

बहिणीला सर्वांत जास्त भीती पोलिसांची आणि बाळ काढून घेतले जाण्याची होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४ अ, स्वतःच्या सेवनापुरत्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांची गोपनीयता राखायला सांगतो, आणि दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये, असेही त्यात म्हटले आहे. हे आम्हाला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते, तर तिने दोन तपासण्या चुकवल्या नसत्या.

मुलगी पूर्ण दिवसांची झाली. तिसऱ्या दिवशी तिचे हात थरथरू लागले, रडणे किरटे झाले आणि शिंका थांबेनात. ही त्या गोळीची टर्की होती, आणि ती येणार हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. दिवा मंद करून, तिला घट्ट गुंडाळून, बहिणीच्या छातीशी ठेवून अंगावरचे पाजत राहायला सांगितले. काही बाळांना औषध द्यावे लागते, हिला लागले नाही.

बहिणीची गोळी अजून चालू आहे, कारण बाळंतपणानंतरच्या महिन्यांत माणूस पुन्हा घसरण्याची शक्यता वाढते आणि डॉक्टर घाई करायला तयार नाहीत. सकाळी ती बाकावर तोंड मिटून बसते, तेव्हा तिची मुलगी आमच्या आईच्या मांडीवर असते.