मेनूतून विंडोज गायब झालं तेव्हा

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर एकच. काकांच्या दुकानाचं बिलिंग विंडोजवर, माझा अभ्यास डेबियन या लिनक्सवर. डेबियन ११ वरून १२ वर गेले, मशीन रीस्टार्ट केलं, तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत फक्त डेबियन. विंडोजची ओळच नाही.

काका रावपुऱ्यातलं दुकान बंद करून आले आणि स्क्रीन बघून मटकन खाली बसले. "अगं, हिशेब गेले की काय सगळे? वीस तारखेच्या आत रिटर्न भरायचाय." दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. मी म्हटलं, "काका, थांबा. आधी डिस्क बघू द्या मला."

फॉरमॅटचा सल्ला लोक फार लवकर देतात. आधी बघायचं की गेलंय काय: डेटा, बूटची (सिस्टिम सुरू होण्याची) नोंद, की नुसती मेनूतली ओळ? डिस्कचे भाग दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन जसंच्या तसं दिसलं. मदरबोर्डवरच्या बूटच्या नोंदी दाखवणारं ईएफआयबूटएमजीआर चालवलं, तर यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' ठळक होतं. म्हणजे मदरबोर्डला विंडोज ठाऊक होतं, ग्रबच ते दाखवत नव्हतं. मशीन सुरू होताना एफ १२ दाबून (ही की प्रत्येक कंपनीची वेगळी) थेट विंडोज निवडलं. बिलं उघडली आणि काकांच्या जिवात जीव आला.

खरं कारण ग्रबचा मेनू नव्याने बनवणारं अपडेट-ग्रब चालवल्यावर कळलं. त्यात एक वॉर्निंग येत होती: ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही. दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम तो हाच. त्यासाठी तो रूटच्या, म्हणजे सिस्टिममधल्या सगळ्यात वरच्या, अधिकारात इतर पार्टिशन उघडून बघतो. त्यात धोका आहे म्हणून २०२१ च्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि डेबियन १२ नेही तेच स्वीकारलंय. ईटीसी-डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलीत 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही ओळ फॉल्स केली, पुन्हा अपडेट-ग्रब. लगेच 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' आलं! ज्यांच्याकडे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल त्यांनी मात्र बूटला हात लावण्याआधी ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावीच.

हात लागलाच होता, म्हणून घड्याळाचाही जुना त्रास मिटवला. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ; त्यामुळे डेबियननंतर विंडोज उघडलं की वेळ साडेपाच तास मागे. काका पहाटे पाचला बिलं करायला बसले की तारीख कालची. विंडोजच्या रजिस्ट्रीत, टाइमझोन इन्फर्मेशनखाली, 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' १ केलं.

विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, मग डेबियनमधून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. रिटर्न काकांनी दुसऱ्याच दिवशी भरला.