चार अंशांच्या खोलीतलं कोमट पातेलं

आचाऱ्यानं तापमानाची वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. कोल्ड रूम, रात्री 9 वाजता 4 अंश सेल्सिअस. 12 वाजता 4. पहाटे 6 वाजता 4. महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत बसून भरलेल्या वह्या मी इतक्या पाहिल्यात की त्या लांबूनच ओळखू येतात; ही तशी नव्हती.

"मॅडम, रस्सा बाहेर ठेवलाच नाही. उतरवला, झाकण लावलं, तडक आत."

मला ते पटलं होतं. पंचाईत तीच होती.

मी अन्नाच्या सूक्ष्मजीव तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन दिवसांपूर्वी आमच्याकडे या स्वयंपाकघरातला उरलेला रस्सा आला होता. आदल्या रात्री शिजवलेला, दुसऱ्या दिवशी दुपारी वाढलेला. दुपारी जेवलेली माणसं मध्यरात्रीच्या सुमारास पोट धरून उठली. मुरडा आणि पातळ जुलाब. उलटी जवळजवळ कुणालाच नाही, तापही नाही. माझा एक सहकारी स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर अडून बसला होता. पण त्याचं विष अन्नातच तयार असतं, त्यामुळे उलट्या साधारण 1 ते 6 तासांत सुरू होतात. इथे दहा-बारा तास गेले होते. एवढा उशीर, वर हा मुरडा, म्हणजे माझ्या मते क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याचे जिवंत जिवाणू भरपूर संख्येनं पोटात जावे लागतात. आतड्यात पोहोचल्यावर बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं आपलं निद्रिस्त रूप, तयार करताना ते विष सोडतात.

नमुना कुणी गोठवून आणला नाही हे आमचं नशीब. गोठवलं की हे जिवाणू पटापट मरतात आणि मग प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवून मोजायची बशी, खोटंच बोलते. परफ्रिंजेन्स काळा उमटवणारं टीएससी माध्यम, ऑक्सिजन काढून टाकलेला जार, 37 अंश, 24 तास. जार उघडला तर हजारपट पातळ केलेल्या नमुन्याची प्लेटसुद्धा काळ्या कॉलन्यांनी, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्यांनी, गच्च, मोजता येईना. आणखी पातळ केलेल्या प्लेटवरून हिशेब केला तेव्हा ग्रॅममागे दहा लाखांच्या वर आकडा गेला. खातरजमेच्या चाचण्या बाकी होत्या, पण माझा वाद संपला होता.

आता 4 अंशांच्या खोलीत हे वाढले कसे? परफ्रिंजेन्स 12 अंशांच्या खाली वाढत नाही. लिस्टेरियासारखे काही जिवाणू फ्रीजमध्येही सावकाश वाढतात, हा त्यांतला नव्हे.

मी आचाऱ्याला म्हटलं, तोच रस्सा, त्याच पातेल्यात, तसाच पुन्हा करा. चाळीस लिटरचं खोल पातेलं होतं. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, एक तार मधोमध सोडली, एक कडेला, आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. रात्री 9 वाजता मध्यभागी 88 अंश. 1 वाजता 66. खोलीच्या दारावरचा आकडा अर्थातच 4. पहाटे 4 वाजता मध्यभागी 51. सहा वाजता कडेला 17 आणि मध्यभागी 44.

44 दिसल्यावर मी आचाऱ्याला हाक मारली. शाळेच्या पुस्तकात जिवाणूंची संख्या 20 मिनिटांत दुप्पट होते असं असतं. परफ्रिंजेन्सला 43 ते 47 अंशांच्या पट्ट्यात साधारण 10 मिनिटं पुरतात. तासाला सहा दुपटी, म्हणजे 64 पट. दोन तासांत 4,096 पट. तीन तासांत 2,62,144 पट. सकाळी 9 वाजता आकडा अजून 36 वर होता, म्हणजे त्यांना वेळेची ददात नव्हती.

"पण उकळून उकळून शिजवलं होतं ना!" तो म्हणाला. हे मी नेहमी ऐकते आणि मला त्याची थोडी दयाच येते. उकळल्यानं जिवंत पेशी मरतात, बीजाणू तगतात. उलट ती उष्णता त्यांना जागं करते. बाकीचे जिवाणू मेल्यामुळे स्पर्धा उरत नाही, उकळीनं विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो, आणि झाकणाखालच्या दाट रश्श्याच्या पोटात तो सहजी परतत नाही. या जिवाणूला ऑक्सिजन नकोच असतो.

दुपारी वाढण्यापूर्वी किती तापवलं, हे विचारल्यावर तो जरा घुटमळला. वाफ दिसेपर्यंत. जास्त तापवलं की तळाला लागतं. वाफ कडेची असते हो, मधल्या भागाचं काय? तोही 75 अंशांवर गेला असता तरी जिवंत पेशी मेल्या असत्या आणि आमच्याकडे नमुना आलाच नसता.

व्यावसायिक स्वयंपाकघरांत सर्रास पाळला जाणारा नियम मी त्याला सांगितला: 60 वरून 21 अंशांवर 2 तासांत, तिथून 5 वर पुढच्या 4 तासांत. मोजायचं ते अन्नाच्या मध्यभागी. त्यासाठी रस्सा उथळ ट्रेमध्ये ओतायचा, थर पाच सेंटिमीटरच्या आत. तो गप्प ऐकत होता. मग टेप घेऊन कोल्ड रूममध्ये गेला आणि फळ्या मोजून बाहेर आला.

"एवढे ट्रे मावणार नाहीत."

मीही आत जाऊन पाहिलं. खरंच मावत नव्हते. त्या संध्याकाळी त्यानं निम्माच रस्सा रात्री शिजवायला घेतला. उरलेल्याची भाजी-मसाला चिरून, वाटून ठेवला, तो सकाळी शिजवायचा. तापमानाच्या वहीत दारावरच्या आकड्याशेजारी पेननं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘मधोमध’.