गुलाबी चॅलेंजर: रंगाचा पुरावा शोधताना

क्रायसलरच्या डॉज ब्रँडची १९७० ची चॅलेंजर आर/टी, म्हणजे चॅलेंजरची जोरकस आवृत्ती, पँथर पिंक या गुलाबी रंगात, ओहायोत विकायला आहे असं कळलं तेव्हा किंमत विचारायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात आली. हा रंग कारखान्यातला, की नंतर कुणी मारलेला? या उत्तरावर गाडीची किंमत हजारो डॉलरनी बदलते.

फोर्डच्या गाडीचं बरं असतं. १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. गाडीचा ओळख क्रमांक द्यायचा, पैसे भरायचे, गाडी कुठल्या रंगात बाहेर पडली ते छापून येतं. पॉन्टिअॅकसाठी तसंच काम करणारी पीएचएस (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) आहे. क्रायसलरच्या संग्रहातली गाडीनिहाय कार्डं मात्र १९६७ च्या आसपास संपतात. १९७० च्या चॅलेंजरबद्दल सांगणारं कुठलंच कार्यालय नाही. जे काही विचारायचं ते गाडीलाच विचारावं लागतं.

या रंगावर माझा जीव का, तेही सांगतो. त्या काळात क्रायसलरने भडक रंगांची एक माळच काढली. जांभळा प्लम क्रेझी, पोपटी सबलाइम, केशरी हेमी ऑरेंज. गुलाबी या तिघांनंतर आला, १९७० च्या वसंतात, मॉडेलचं अर्धं वर्ष उलटल्यावर. डॉजवर त्याचं नाव पँथर पिंक, क्रायसलरच्याच प्लिमथ ब्रँडवर तोच रंग मूलँ रूझ, आणि दोन्हीकडे कोड एकच, एफएम३. ३३५ अश्वशक्तीचं ३८३ (घनइंची) मॅग्नम इंजिन, लांब बॉनेट, रुंद बूड आणि त्यावर हा रंग! डेट्रॉईटमधल्या कुणीतरी हे कागदावर मंजूर केलं, यातली हिंमत मला आजही थक्क करते. घेणारे थोडेच निघाले आणि घेतलेल्यांपैकीही कित्येकांनी पुढे लाल किंवा काळा मारून टाकला. आता वारं फिरलंय. साध्या रंगाच्या गाड्यांना गुलाबी करून विकणारे आहेत, म्हणून तर एवढी तपासणी.

जाण्याआधी इथे मिशिगनमधल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना फोन केला. ते सत्तरच्या दशकात इथे आले आणि हायलँड पार्कला क्रायसलरच्या बॉडी विभागात नोकरीला होते. ते म्हणाले, "दारं, बॉनेट, डिकी बघत बसू नकोस, तिथे कोणीही रंग मारतो. डॅशबोर्डखाली आडवा हो आणि मागच्या सीटच्या बाजूची पॅनेलं काढायला लाव. नाही म्हणाला तर परत ये."

विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं: "मी घेतली तेव्हा ही लाल होती. टॅगवर गुलाबी लिहिलंय म्हणून मी गुलाबी केली. मूळची गुलाबी आहे असं मी मानतो, पण सिद्ध करून दाखवू शकत नाही." असं बोलणारा माणूस मला आवडतो. काय वाटेल ते उघडून बघ, म्हणाले.

सुरुवात टॅगपासून. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला आतल्या फेंडरवर (मडगार्डवर) छोटी पत्र्याची पट्टी असते, फेंडर टॅग. ती खालच्या ओळीपासून वर वाचायची. तळाच्या ओळीत ई६३ म्हणजे ३८३ चं जोरकस इंजिन, डी३२ म्हणजे टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे गाडीच्या क्रमांकाची सुरुवात, जेएस२३एन०बी. यातला जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे आर/टी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एन म्हणजे इंजिन, शून्य म्हणजे १९७० आणि बी म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना, म्हणजे डॉज मेन. वरच्या ओळीत एफएम३ आणि तारीख ४२४, चोवीस एप्रिल. ही तारीख मला महत्त्वाची वाटली. त्या टॅगांवर ऑक्टोबरसाठी ए, नोव्हेंबरसाठी बी, डिसेंबरसाठी सी असतो. रंगच वसंतात आला, तेव्हा एफएम३ शेजारी ए किंवा बी दिसता तर मी सावध झालो असतो. दाराच्या कडेच्या स्टिकरवरही ४-७० होतं.

पण टॅग दोन स्क्रूंवर बसतो आणि नवे टॅग बनवून मिळतात, त्यामुळे टॅगवर थांबता येत नाही. काचेतून दिसणारा डॅशवरचा क्रमांक, त्याचे फुलासारखे पाकळ्यांचे रिव्हेट, रेडिएटरच्या वरच्या पट्टीत ठोकलेले शेवटचे आकडे, सगळं टॅगशी जुळलं. गाडीखाली वाकून इंजिनचा ब्लॉक बघितला. ऑइल पॅनच्या कडेजवळच्या जागेवर दुसऱ्याच गाडीचा क्रमांक. म्हणजे इंजिन ३८३ च, पण हिचं नव्हे. मालकांना हे ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ टॉर्च धरून त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

मग मागची सीट काढली. गाडी असेंब्ली लाइनवर सरकायची तेव्हा कुठला भाग बसवायचा हे कामगारांना कळावं म्हणून एक छापील कागद बरोबर फिरायचा, ब्रॉडकास्ट शीट. काम झालं की तो बहुतेक वेळा सीटच्या स्प्रिंगमध्ये राहून जायचा. आम्हाला तो सापडला! कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण मधला भाग शाबूत. आणि त्यावर रंग एफसी७, प्लम क्रेझी. काही क्षण कोणीच बोललं नाही. मग क्रमांक वाचला, तो हिचा नव्हताच. लाइनवर कुणाचा कागद कुणाच्या सीटमध्ये जाणं हे सर्रास व्हायचं, म्हणून आधी क्रमांक बघायचा आणि मग रंग. तो क्रमांक मी लिहून घेतला आहे. कुठेतरी एका जांभळ्या चॅलेंजरच्या मालकासाठी तो कागद लाखमोलाचा आहे, आणि तो त्याच्यापर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं.

आता उरला फक्त रंग. जाडी मोजायचं यंत्र बाहेरच्या पत्र्यावर फिरवलं. दोन-तीनशे मायक्रॉन सगळीकडेच, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीला साजेसे. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीशी आकडा हजाराच्या वर गेला, म्हणजे तिथे लांबी, पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली. ते किमतीत बोलायचं, रंगाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

काकांनी सांगितलं तसा डॅशखाली आडवा झालो. हीटरचा डबा सोडवून खाली घेतला. त्याच्या मागच्या पत्र्यावर, जिथे लाल रंगवणाऱ्याची किंवा नंतरच्या कुणाची पिचकारी पोचायचं कारण नव्हतं, तिथे गुलाबी. पातळ, थोडा धुरकटलेला, कडेला प्रायमर उघडा. मागच्या सीटच्या बाजूच्या पॅनेलांआडही तेच, शिवाय पत्र्यावर कारखान्यातल्या माणसाने मेणखडूने ओढलेली खूण.

शेवटी दाराच्या उंबऱ्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी काढून, मालकांच्या परवानगीने, खाली नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासली. थर एकात एक वर्तुळांसारखे उमटले. वरचा गुलाबी, मग राखाडी प्रायमर, मग लाल, आणि सगळ्यात आत, पत्र्याला चिकटलेल्या मूळ प्रायमरवर, पुन्हा गुलाबी. मालकांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं.

भाव ठरवायला फार वेळ लागला नाही. रंग खरा, इंजिन बदललेलं, चाकाच्या कमानीत लांबी. मूळ इंजिनच्या गाडीची किंमत द्यायचं कारण नव्हतं आणि तेही ते समजून होते. माझं मत असं की या गाडीत रंगच मोठा. इंजिन त्याच प्रकारचं, त्याच काळातलं शोधून बसवता येतं, पण जी गाडी एफएम३ मध्ये जन्मली नाही तिला कितीही खर्च करून तसा जन्म देता येत नाही.

कागदपत्रं सोपी, एक गोष्ट लक्षात ठेवली तर. ओहायोचं टायटल (गाडीच्या मालकीचा दाखला) असेल तर विकणाऱ्याने मागच्या बाजूची सही नोटरीसमोर करावी लागते. मिशिगनमध्ये तसं नाही, त्यामुळे इकडचे लोक तिथेही नोटरी लागत नाही असं गृहीत धरतात. आम्ही दोघं बँकेतल्या नोटरीकडे गेलो, सही तिथेच झाली. मीटरचे आकडे पाचच, नव्व्याण्णव हजारांनंतर पुन्हा शून्यावर येणारे, आणि इतक्या जुन्या गाडीला मैलांची हमी देण्यातून कायद्यानेच सूट आहे.

इकडे मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात, जिथे गाड्यांची नोंदणी होते, सहा टक्के कर भरला. खरेदीची किंमत आणि बाजारभाव यातलं जे जास्त त्यावर तो लागतो, म्हणून घासलेल्या थरांचे, लांबीचे आणि ब्लॉकवरच्या आकड्यांचे फोटो बरोबर ठेवले होते. किंमत कमी का हे समजावता आलं. २६ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरपाटी मिळते. प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका यांसाठी ती चालते आणि ऑगस्टमध्ये रोजच्या फिरण्यालाही मुभा आहे. डेट्रॉईटकडच्या वुडवर्ड रस्त्यावरची क्रूझ, जुन्या गाड्यांची मोठी फेरी, तीही ऑगस्टातच असते. विमा मात्र ठरीव किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला, घ्या. साध्या विम्यात अपघातानंतर घसारा वजा करून हातावर काय टेकवतील सांगता येत नाही.

सध्या शोध चालू आहे ३८३ च्या ब्लॉकचा. ओतीव क्रमांक २४६८१३०, आणि ओतल्याची तारीख १९७० च्या फेब्रुवारी ते एप्रिलमधली, म्हणजे चोवीस एप्रिलच्या आधीची. मिशिगन, ओहायो किंवा इंडियानात कुणाच्या शेडमध्ये असा ब्लॉक पडलेला दिसला, तर आधी बाजूचे हे आकडे पुसून वाचा आणि मला कळवा.