हूवर धरणावरची पन्नास मिनिटे

नाशिकहून परदेशी सहली नेणाऱ्या आम्हा टूर मॅनेजर मंडळींत लास वेगासचा मुक्काम सर्वांत सोपा समजला जातो. शहर रात्रभर जागे असते, पर्यटक आपापले रमतात, आणि मॅनेजरला खोल्यांच्या किल्ल्या व रात्रीचे शाकाहारी जेवण यांपलीकडे फारसे काम उरत नाही, असे नवीन मुलांना शिकवलेही जाते. मला हे कधीच पटले नाही. गेल्या जूनमध्ये याच मुक्कामावरच्या एका सकाळीवरून माझे आणि आमच्या कार्यालयाचे मतभेद झाले. ते अजून मिटलेले नाहीत, म्हणून घडले ते सविस्तर लिहून ठेवतो.

माझा शाळेपासूनचा एक मित्र जलसंपदा विभागातून निवृत्त झाला आहे. त्याच्या नोकरीची बरीच वर्षे गंगापूर आणि दारणा या धरणांतल्या पाण्याचा हिशेब ठेवण्यात गेली. त्याची मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते, आणि त्या महिन्यात तो तिच्याकडेच होता. माझा गट तेथूनच वेगासला निघणार होता, तेव्हा दोन दिवस तू आमच्याबरोबर चल, ते शहर मी तुला दाखवतो, असे मी त्याला म्हटले. बाहेरच्या माणसाला बसमध्ये असे सहज बसवता येत नाही. विम्याचा प्रश्न असतो, बस कंपनीकडच्या यादीत नाव असावे लागते, आणि आसनाचे पैसे भरल्याची पावती लागते. हे सगळे मी लेखी पूर्ण केले होते.

लॉस एंजेलिस ते वेगास हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे आणि रस्ता मोहावीच्या वाळवंटातून जातो. शेवटच्या तासाभरात मी बसमध्ये जुगाराचा हिशेब समजावून सांगतो आणि ते मी माझे कर्तव्य मानतो, कारण 'थोडे खेळून पाहू' म्हणणाऱ्या माणसाला आपण कशाची किंमत मोजत आहोत हे ठाऊक असले पाहिजे. अमेरिकी रूलेटच्या चक्रावर १ ते ३६ आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य मिळून ३८ खाने असतात. तुमचा आकडा लागला तर मात्र ३५ पटच मिळतात. त्यामुळे लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे राहतात. अलीकडे स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, तिसरे शून्य असलेली चक्रेही आली आहेत, आणि तेथे हाच आकडा ७.६९ होतो. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पानांतच एकवीस झाले की दहा डॉलरवर पूर्वी पंधरा मिळत, आता कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर बाराच मिळतात. मित्र हे सगळे लक्ष देऊन ऐकत होता. "म्हणजे वसुली ठरलेलीच आहे, फक्त कोणाकडून किती हे ठरलेले नाही," एवढेच तो म्हणाला.

संध्याकाळी स्ट्रिपवर फिरलो. व्हेनेशियन हॉटेलातला कालवा, लक्झर हॉटेलचा पिरॅमिड, २०२३ मध्ये सुरू झालेला स्फिअर या प्रेक्षागृहाचा प्रचंड गोल हे सगळे पाहून झाले. मिराज हॉटेलसमोरचा ज्वालामुखी पाहण्यासाठी दोन कुटुंबे थांबली होती, कारण आमच्या माहितीपत्रकात तो अजून छापलेला आहे. मिराज जुलै २०२४ मध्ये बंद झाले आणि त्याबरोबर तो ज्वालामुखीही गेला, हे मी कार्यालयाला लेखी कळवले आहे. छापलेली पत्रके संपेपर्यंत तीच वाटायची हे धोरण ज्याने ठरवले, त्याने एकदा त्या फुटपाथवर उभे राहून लोकांना उत्तर द्यावे.

बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांपाशी मी मित्राला मुद्दाम आठ वाजल्यानंतर नेले, कारण तेव्हा दर पंधरा मिनिटांनी खेळ होतो. आठ एकरांहून मोठ्या त्या तलावातून पाण्याच्या धारा संगीताबरोबर झुकतात, वळतात आणि मग एकदम तोफेसारख्या आवाजात वर उसळतात. गर्दी माना वर करून पाहत होती. मित्र मात्र कठड्यावर वाकून तलावाच्या काठाची ओली रेघ पाहत होता. खेळ संपल्यावर वाऱ्याने उडून काठाबाहेर पडलेले पाणी त्याने चपलेच्या टोकाने पसरून पाहिले आणि विचारले, "अरे, वर्षाला चार इंच पाऊस पडणाऱ्या गावात हे पाणी येते कुठून?"

हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचे उत्तर बहुतेक लोक चुकीचे देतात. या तलावात नदीचे पाणी नाही. त्या जागी पूर्वी ड्यून्स नावाचे हॉटेल होते, त्याच्या गोल्फच्या मैदानासाठी विहिरी खोदलेल्या होत्या, आणि तेच भूजल आज कारंज्यांना वापरले जाते. शहराला मात्र नळाने मिळणारे सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीचे, म्हणजे हूवर धरणामागच्या मीड जलाशयाचे आहे. ज्या झऱ्यांमुळे येथे १९०५ मध्ये रेल्वेने गाव वसवले, ते झरे १९६२ मध्येच आटले. हॉटेलच्या हजारो न्हाणीघरांतले पाणी वाया जाते ही समजूतही खरी नाही, कारण घरात आणि हॉटेलात गटारात गेलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा मीड जलाशयात सोडले जाते, आणि जेवढे परत केले तेवढे जास्त उचलण्याची मुभा मिळते. कायमचे जाते ते हिरवळीला घातलेले आणि इमारती थंड करताना वाफ झालेले पाणी. म्हणून तर केवळ शोभेसाठी लावलेल्या हिरवळीला कोलोरॅडोचे पाणी २०२७ पासून देता येणार नाही, असा कायदा नेवाडाने २०२१ मध्ये केला. मित्राने उरलेली रोषणाई पाहणे सोडले आणि हॉटेलात जाऊन कागद मागितला.

नेवाडाचा कोलोरॅडोतला वाटा वर्षाला तीन लाख एकर-फूट आहे (एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभे राहील एवढे पाणी). त्याने त्याचे आपल्या मापात रूपांतर केले तेव्हा तेरा टीएमसी, म्हणजे तेरा अब्ज घनफूट, आले. कॅलिफोर्नियाचा वाटा ४४ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १९२ टीएमसी, आणि ॲरिझोनाचा २८ लाख, म्हणजे सुमारे १२२ टीएमसी. त्याने आकडे दोनदा तपासले. गंगापूर धरणाचा साठा साडेपाच टीएमसीच्या आसपास आहे, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. १९२०च्या दशकात ही वाटणी झाली तेव्हा लास वेगास पाच हजार वस्तीचे गाव होते आणि नेवाडाला कोणी गांभीर्याने घेत नव्हते. आज क्लार्क कौंटीची वस्ती २३ लाखांहून अधिक आहे, आणि तेवढ्याच वाट्यात भागवले जाते.

दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅनियनचा पश्चिम भाग पाहायचा होता. कार्यक्रमपत्रिकेत वाटेवर 'हूवर धरण, फोटो स्टॉप, २० मिनिटे' असे असते. २०१० मध्ये दरीवर नवा पूल झाल्यापासून महामार्ग धरणावरून जात नाही. त्यामुळे बहुतेक गट पुलाच्या पायऱ्या चढतात, वरून फोटो काढतात आणि निघतात. धरणावर उतरायचे असेल तर महामार्ग सोडावा लागतो, बसची तपासणी होते, आणि यात वेळ जातो. मी सर्वांना अर्धा तास लवकर निघायची विनंती केली. प्रवासी बसच्या चालकाला तेथे कायद्याने दहा तासच गाडी चालवता येते. त्या दिवशी चालकाच्या तासांत पुरेशी सवड आहे, हे मी आदल्या रात्रीच त्याच्याबरोबर बसून पाहिले होते. अशा रीतीने धरणासाठी पन्नास मिनिटे मिळाली.

वाटेत बोल्डर सिटी लागते. धरण बांधणाऱ्या मजुरांसाठी वसवलेल्या या गावात जुगाराला आजही बंदी आहे. नेवाडाने जुगार कायदेशीर केला ते वर्ष १९३१, आणि धरणाचे काम सुरू झाले तेही १९३१. मजुरांचे पगार वेगासमध्ये खर्च होत, आणि आज आपण जे शहर पाहतो त्याची पायाभरणी बरीचशी त्या पगारांतून झाली.

धरणाच्या माथ्यावर मधोमध दोन राज्यांची सीमा आहे, आणि पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळे आहेत, एक नेवाडाच्या वेळेचे आणि दुसरे ॲरिझोनाच्या. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणून जूनमध्ये दोन्ही घड्याळे एकच वेळ दाखवतात. त्या घड्याळांपलीकडे पाण्याभोवतीच्या काळपट खडकावर एक पांढराफेक पट्टा दिसतो. पाणी खाली गेले आणि त्यातले क्षार खडकावर राहिले, त्याचा तो पट्टा आहे. उंची एवढी की खालची होडी नखाएवढी दिसत होती.

मित्राने कठड्याशी उभे राहून पातळ्या सांगायला सुरुवात केली. जलाशय पूर्ण भरला की पातळी समुद्रसपाटीपासून १२२९ फूट असते. जुलै २०२२ मध्ये ती १०४० फुटांवर आली, पहिल्यांदा भरल्यानंतरची सर्वांत कमी. ९५० फुटांखाली वीज काढणे कठीण होते, आणि ८९५ फुटांखाली मृतसाठा, म्हणजे धरणातून खाली पाणीच जात नाही. हे तो मराठीत, रोजच्या कामाच्या भाषेत सांगत होता, त्यामुळे गटातले दहा-बारा जण जवळ आले.

त्यांत निफाडचे एक द्राक्ष बागायतदार होते आणि छत्रपती संभाजीनगरचे एक निवृत्त शिक्षक पतिपत्नी होते. १९२२च्या करारात नदीचे वरचे खोरे आणि खालचे खोरे असे दोन भाग करून प्रत्येकाला ७५ लाख एकर-फूट पाणी ठरवले, असे मित्राने सांगताच गुरुजी म्हणाले, "म्हणजे आमचे जायकवाडी आणि तुमचे नाशिक."

बागायतदारांना ते लागले. आमच्या बागा वाळत असताना धरणातून पाणी सोडले गेले, असे ते म्हणाले. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, "आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, ते तुम्ही कधी पाहिले आहे का?" आवाज चढले. मी मध्ये पडलो नाही, कारण तो वाद खोटा नव्हता आणि ज्याला त्यातले सर्वांत जास्त कळते असा माणूस तेथे उभा होता.

मित्राने स्वतःचेच सांगितले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, या सूत्रानुसार त्याने काम केले होते. २०१५ मध्ये गंगापूरमधून पाणी सोडले तेव्हा नाशिकमध्ये आंदोलने झाली, आणि तो पोलीस बंदोबस्तात धरणावर उभा होता. "पाणी सोडताना मला दोन्ही बाजूंनी शिव्या मिळाल्या," तो बागायतदारांना म्हणाला. "तुम्ही म्हणालात जास्त सोडले, आणि यांच्याकडचे म्हणाले की वाटेतच मुरले. खरे किती पोचले, यावर एकमत कधीच झाले नाही."

मग त्याने येथला फरक सांगितला. हा करारही निर्दोष नाही. ज्या वर्षांच्या मोजणीवर तो बांधला ती वर्षे जास्त पावसाची होती, म्हणून नदीत नसलेले पाणीही कागदावर वाटले गेले. आजही सात राज्ये भांडतात, आणि सध्याचे नियम २०२६च्या अखेरीस संपत असल्याने ते भांडण वाढले आहे. परंतु जलाशयाची पातळी येथे सर्वांसाठी एकच आहे. दर ऑगस्टमध्ये पुढच्या १ जानेवारीच्या पातळीचा अंदाज जाहीर होतो, तो १०७५ फुटांवर किंवा खाली असेल तर टंचाई घोषित होते, आणि कोणाचे किती कापायचे ते आधीच लिहिलेले असते. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अशी घोषणा झाली, तेव्हा कपात किती हा प्रश्न रस्त्यावर आला नाही.

गुरुजींनी वही काढून पातळ्या उतरवून घेतल्या. बागायतदारांनी विचारले, "साहेब, सांडपाणी परत दिले तर वाटा वाढतो, हे आपल्याकडे का नाही?" मित्र म्हणाला, "परत दिलेले पाणी किती आणि कसे, हे मोजून दोन्ही बाजूंनी मान्य करावे लागेल." तेवढ्यात बस सुटायची वेळ झाली. ग्रँड कॅनियनपर्यंतच्या वाटेवर बागायतदार आणि गुरुजी एकाच बाकावर बसले होते. त्यांचे एकमत झाले नाही, पण बोलणे थांबलेही नाही.

परत आल्यावर तीन फीडबॅक फॉर्ममध्ये तक्रार होती. एकाने लिहिले की लवकर उठवून धरणावर वेळ घालवला आणि संध्याकाळी आउटलेट मॉलमध्ये कमी वेळ मिळाला. वास्तविक मॉलचा वेळ एका मिनिटानेही कमी झाला नव्हता. दुसऱ्याने सहलीत राजकीय वाद झाल्याचे लिहिले. कार्यालयाने मला समज दिली की पाणीवाटपासारखे विषय काढू नयेत आणि छापील वेळा पाळाव्यात. सहलीचे नियोजन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एखादा गट प्रत्यक्ष नेलेला असतो, आणि ज्या गोष्टीवर कोणी हसत नाही ती गोष्ट आवडली नाही असे ते धरून चालतात.

कमी-अधिक फरकाने सर्व गटांत गोदावरीकाठची माणसे असतात. त्यांना मी कालवा, पिरॅमिड आणि कारंजी दाखवणारच, आणि ती पाहण्यासारखी आहेतही. पण तेरा टीएमसीवर चालणारे ते सगळे शहर ज्या भिंतीच्या आधाराने उभे आहे, ती भिंत आमच्या लोकांनी पुलावरून वीस मिनिटे पाहावी हे मला मान्य नाही. वादाची भीती असेल तर तो वाद नाशिकमध्ये तरी कुठे टळला आहे?

मी कार्यालयाला नवे वेळापत्रक दिले आहे. त्यात आउटलेट मॉल तिसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसला परतताना ठेवला आहे, चालकाचे तास मांडून दाखवले आहेत आणि धरणाला पन्नास मिनिटे दिली आहेत. मित्राने पातळ्यांचा आणि वाट्यांचा एक पानी मराठी तक्ता करून दिला, तो सोबत जोडला आहे. गुरुजींनी संभाजीनगरहून फोन करून त्याची प्रत मागितली आणि त्यात जायकवाडीचा रकाना का नाही असे विचारले. मित्र सध्या तो रकाना भरतो आहे, आणि वरच्या धरणांतून सोडलेले व खाली पोचलेले पाणी यांचे कोणते आकडे दोघांनाही मान्य होतील, यावर त्या दोघांचे फोन चालू आहेत.