वाईची विंटेज सहल: आधी खंबाटकी घाट, मग फोटो

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या निरोपात चार गोष्टी होत्या: निवांत ड्राइव्ह, सहकुटुंब या, मेकॅनिक सोबत असेल, विंटेज गाड्यांना टोल माफ. बायकोने आदल्या रात्रीच नकार दिला, ती शहाणी. मी मेहुण्याला घेऊन गेलो. उरलेल्या तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या.

पुणे-वाई ९० किलोमीटरच्या आसपास. माझी १९६८ची फियाट डिलाइट, शिवाय मॉरिस मायनर, हेराल्ड, लँडमास्टर, जीप आणि सर्वांत पुढे अध्यक्षांची लांबलचक डॉज. सारसबागेजवळून सहाला निघायचं ठरलं होतं. उद्घाटनाचे पाहुणे पावणेआठला उगवले. मग नारळ, हार, भाषण, ड्रोन. झेंडा हलला तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते, आणि महिना मार्चचा. शिरवळला नाश्ता, तिथे पुन्हा फोटो. खंबाटकीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो साडेअकराला, ऐन उन्हात. सगळा घोळ एवढाच आहे, बाकी काही नाही.

पुण्याहून घाटरस्त्याने जाताना चढावं लागतं. जुना बोगदा परतीच्या वाहतुकीसाठी आहे. चढावर एक कंटेनर दुसऱ्याला ओव्हरटेक करायला निघतो आणि मागची अख्खी रांग गोगलगाय होते. आपल्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन मंदावलं की पंखाही मंदावतो आणि तापमानाचा काटा लालकडे सरकतो. त्यात पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढत असतो. नळी तापली की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. गाडी चार आचके देते आणि बसते. माझी ऐन वळणावर बसली. "भाऊजी, आता?" मेहुणा म्हणाला. मी म्हटलं, आता दगड शोध.

आधी चाकामागे दगड, मगच बाकीचं. मग एकाने लाल फडकं घेऊन बरंच मागे, वळणाच्या आधी उभं राहायचं. बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका आणि अर्धा तास गप्प बसा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, रेडिएटरचं झाकण उघडू नका. वाफ विरली की गाडी आपोआप चालू होते, झालीही. त्या अर्ध्या तासात एक जीपवाला आला: टोचन लावून माथ्यापर्यंत चार हजार! माथा समोर दिसत होता. असल्यांना पैसे देऊ नका. जागा अरुंद असेल आणि मागून ट्रक अंगावर येत असतील तरच द्या, आणि तेव्हाही आधी हजार म्हणा. मेकॅनिक? तो डॉजच्या मागे मागे केव्हाच वाईला पोचला होता. क्लबाची वर्गणी त्याच्यासाठीच घेतली जाते, हे इथे नोंदवून ठेवतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत: उद्घाटनाला थांबू नका. साडेपाचला एकटे निघा, आठच्या आत खंबाटकी पार करा आणि सुरूर फाट्यावर चहा पीत इतरांची वाट पाहा. चढावर दुसरा गिअर धरा, हाफ क्लचवर लटकू नका. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला तर उत्तम, कारण तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो. जुन्या रबरी नळ्या तर बदलाच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगतात, चिरतात.

टोल माफ वगैरे काही नाही. आम्ही गेलो तेव्हा खेड शिवापूरला फास्टॅग नसेल तर रोख दुप्पट, यूपीआयने सव्वापट होता. १५ नोव्हेंबर २०२५ पासूनचा तो नियम होता. काचेला स्टिकर चिकटवणं जिवावर येतं हे मान्य, पण चिकटवा. नाक्यावर हेराल्डवाले काका भांडत बसले आणि मागे हॉर्नचा वाद्यवृंद. पैसे शेवटी दुप्पटच गेले.

वाईत ढोल्या गणपती, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली ती पोर्तुगीज घंटा. छान आहे. जेवणही छान होतं.

परतीचा रस्ता सोपा, असं जेवताना सगळे म्हणत होते. पुण्याच्या दिशेने बोगद्यातून बाहेर पडलं की तीव्र उतार आणि नागमोडी वळण आहे, अपघातांसाठी कुप्रसिद्ध. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी, मागे भरलेला ट्रक. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. बोगद्यात शिरण्यापूर्वीच गिअर खाली घ्या, ब्रेक थोडा थोडा दाबत उतरा. अंधार पडायच्या आत उतरा, कारण आपले दिवे म्हणजे पणत्या. ब्रेकची खात्री नसेल तर वाईत मुक्काम करा, एसटीने घरी या आणि गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोवर चढवून आणा.